सरकारी भावाचा ओंडका

श्रावण वद्य तृतीया, शुक्रवार, सकाळची वेळ. रक्कम चौदा आणे. हजर: मी, माझी पत्नी, हरणीहून आलेली गोवऱ्यावाली आणि अंगणात पडलेला चिंचेचा एक ओंडका. आतल्या खोलीत आमची थोरली मुलगी आणि तिचे आठवड्याचे बाळ होते. ती दोघे वादात पक्षकार नव्हती, पण वाद त्यांच्यापायीच चालला होता.

माझी सगळी नोकरी बडोदे सरकारच्या हिशेब खात्यात गेली. त्यामुळे घरातले भांडणसुद्धा मला याच क्रमाने आठवते: आधी तारीख, मग रक्कम, मग हजर माणसे. कोणाचे बरोबर होते ते सर्वांत शेवटी. पत्नी म्हणते, आमच्या लग्नातले मला मुहूर्त आणि पंगतीतली पाने एवढेच आठवते. हे खोटे आहे. वाजंत्रीवाल्याचे बिलही आठवते.

तर गोवऱ्यावालीने शेकड्याला चौदा आणे सांगितले होते आणि मी आठ म्हणालो होतो. मी म्हणालो, "हा काय भाव झाला? सरकारने लाकडाचा भाव बांधला तसा गोवऱ्यांचाही बांधायला हवा."

ती म्हणाली, "तो सरकारने कहो, थापी आपे."

थापायचेही सरकारनेच, असे तिचे म्हणणे. पत्नी पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटले खोकला आला असेल.

इथवर गोष्ट कशी आली ते सांगितले पाहिजे. युरोपातली मोठी लढाई तेव्हा संपता संपत नव्हती. कोळसा लढाईकडे गेला, आगगाड्यांच्या वाघिणी लढाईकडे गेल्या. गिरण्या कोळशाऐवजी लाकूड जाळू लागल्या, आणि पूर्वेकडच्या जंगलातून डभोईवरून येणारे लाकूड शहराच्या दरवाजात पोचण्याआधीच विकले जाऊ लागले. घासलेटचे तर आम्ही घरात नावच आदराने घेत असू. होळीला आमच्या नागरवाड्यातली पोरे दारोदारची लाकडे पळवतात. त्या वर्षी पोरांच्या आधी बापांनीच जिन्याखालच्या मोळ्या उचलून माजघरात नेल्या.

भाव वाढला तसे माझे बोलणे वाढले. कचेरीतून आलो की झोपाळ्यावर बसून सरकारने काय करावे ते मी सांगत असे. माझे मत पक्के होते. टंचाईत भाव बांधलाच पाहिजे. पैसेवाल्याची चूल पेटावी आणि बिनपैशाच्याने कच्चे खावे, याला राज्य म्हणत नाहीत. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडे. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी ते आठवड्याला दोनतीनदा ऐके आणि एकदा म्हणाली, "अण्णा, तुम्ही 'याला' म्हणालात की झोपाळा पुढे येतो आणि 'राज्य' म्हणालात की मागे जातो."

कचेरीतही मी बोलत असे. तिथे माझ्या बोलण्याला वजन होते, कारण वरिष्ठ गुजराती मसुदे माझ्याकडून तपासून घेत. मराठी माणसाचे गुजराती कसे असावे, तर माझ्यासारखे, असे एका साहेबाने म्हटले होते. ते त्याने स्तुती म्हणून म्हटले की कसे, हा प्रश्न मला त्या श्रावणापर्यंत पडला नव्हता.

विरोधी पक्ष एकच होता: पाणीगेटबाहेरचा आमचा वखारवाला. वर्षानुवर्षे लाकूड त्याच्याकडूनच. तो माझ्याशी मराठी बोले आणि मी त्याच्याशी गुजराती, आणि दोघांनाही वाटे की समोरच्याची सोय आपणच पाहतो आहोत.

"भाऊसाहेब," तो म्हणे, "भाव बांधा ने. मी कुठे नाही म्हणतो? पण आधी माझ्या गाडीवाल्याचा बांधा. मग त्याच्या बैलाच्या चाऱ्याचा बांधा. मग पावसाला पण बांधा, म्हणजे गाडी चिखलात नाही फसत."

"तुमचा नफा बांधला की पुरे," मी म्हणे.

"बांधा. पण बांधलेला माणूस चालत नाही, हों."

मी हसून सोडून देत असे. व्यापारी बोलायचाच.

आषाढात दवंडी पिटली. दवंडीवाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडला की बळतणाचा भाव सरकारने ठरवून दिला आहे, त्याहून जास्त घेईल त्याला दंड होईल. बळतण म्हणजे गुजरातीत जळण. मुलगी दिवस भरत आलेली, आतून तिने हाक मारली, "अण्णा, बाळंतिणीचा भाव बांधला म्हणतोय का तो? मग मला किती पडतील ते विचारून घ्या."

पत्नी हसली. मी हसलो नाही. सरकारने माझे ऐकले होते. सरकारला माझे नावही ठाऊक नव्हते ही गोष्ट वेगळी. दवंडी ऐकताना छाती माझीच फुगली होती. संध्याकाळी मांडवीवरून पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत वाटले. त्या पेढ्यांच्या पैशात, नव्या भावाने, घरात चार दिवसांचे लाकूड आले असते. हा हिशेब मी तेव्हा केला नाही. माझ्या आयुष्यात न केलेले हिशेब फार थोडे आहेत आणि ते सगळे महागात पडलेले आहेत.

रविवारी ऐटीत वखारीत गेलो. दारावर खडूने नवा भाव लिहिलेली पाटी होती. आत तराजू होता, वखारवाला होता, आणि जिथे डोक्याच्या वर रास असायची तिथे सालपटे आणि एक झोपलेले कुत्रे होते.

"लाकूड?" मी विचारले.

"भाव आहे ने, भाऊसाहेब. तुम्हाला भावच पाहिजे होता." मग थोडा वेळ माझी गंमत बघून तो म्हणाला, "मागे थोडे आहे. तुम्ही जुने गिऱ्हाईक. सरकारी भावाने देतो. फक्त फोडणावळ वेगळी."

फोडणावळ म्हणजे लाकूड फोडून देण्याची मजुरी. पूर्वी ती भावातच धरलेली असे. आता त्याने ऐकवला तो आकडा लाकडाच्या किमतीएवढा होता. हमाली त्याच्यावर.

"ही भावाची चोरी आहे," मी म्हणालो.

"चोरी कशी? पाटीवर लाकडाचा भाव आहे. कुऱ्हाडीचा कुठे लिहिला आहे?"

इथे माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. दवंडी मी शब्दशः ऐकली होती. फोडणावळीवर बंधन नव्हते, पण गिऱ्हाइकाने लाकूड फोडूनच घ्यावे असेही बंधन नव्हते. मी ठणकावून सांगितले, "मला न फोडलेलेच द्या. हमालीही नको. घरी न्यायची व्यवस्था मी बघतो."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की आज आठवले तरी मला वाटते, त्या माणसाला माझी दया आली होती. "चिंचेचे आहे, भाऊसाहेब."

"असू द्या."

अशा रीतीने त्या आठवड्यात सगळ्या बडोद्यात सरकारी भावाने, वर एक पैही न देता लाकूड घेतलेला इसम मी ठरलो. लाकूड म्हणजे चिंचेचा एक अखंड ओंडका, माझ्या कमरेएवढा जाड. तो घरी आणायला हातगाडीवाल्याने जे घेतले ते मी लाकडाच्या खाती न धरता वाहतूक म्हणून वेगळे धरले, नाहीतर विजय थोडा उणा झाला असता.

ज्यांनी चिंच फोडली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. बाभूळ फुटते, कडुनिंब फुटतो. चिंचेत नसा एकमेकींत विणलेल्या असतात. शेजारून कुऱ्हाड मागून आणली. पहिल्या घावाला ती आत गेली आणि तिथेच राहिली. ती काढण्यात माझी सकाळ गेली. दुसऱ्या घावाला ओंडका जागचा हलला आणि तुळशीवृंदावनाचा कोपरा उडाला. तिसरा घाव मी घातला नाही. एक लाकूडफोड्या बोलावला, त्याने ओंडक्यावर बोटाने टकटक केली आणि मला विचारले, "आपने कोणे दीधुं?" हे तुम्हाला कोणी दिले, या प्रश्नात मजुरी किती पडेल ते सगळे आले होते. पत्नी म्हणाली, "राहू द्या. आल्यागेल्याला बसायला बरा आहे." आणि खरोखरच त्या दिवसापासून भाजीवाली त्याच्यावर बसू लागली.

पुन्हा वखारीत गेलो तेव्हा पाटीही पुसली होती. कोळशाचे तसेच. दोन्हींचे भाव बांधलेले, दोन्ही नाहीत.

आणि ऐन श्रावणात मुलगी बाळंत झाली. मुलगा. पाऊस थांबायला तयार नव्हता, भिंतींना ओल आली होती, धुतलेली दुपटी वाळेनात. बाळंतिणीला रोज दोन वेळा कढत पाण्याने न्हाऊ घालायचे, बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा, बाळाची दुपटी त्याच ऊबेवर सुकवायची. घरात एरवी लागे त्याच्या दुप्पट जळण. पत्नीने आधी जिन्याखालचे झिलपे संपवले, मग जुनी खुंटाळी, मग पाट. पाटाला हात घालताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. तेवढी कृपा केली.

एक दिवस मी खोलीच्या दाराशी उभा असताना मुलगी हळूच म्हणाली, "अण्णा, बाळाचे पाय गार लागतायत." तिने तक्रार केली नाही. त्या दिवशी झोपाळ्याचा विनोदही केला नाही. मला तेच जास्त लागले.

सरकारी भावाने चिठ्ठीवर लाकूड मिळण्याचे एक दुकान निघाले होते. आपली पाळी येईल तेव्हा घ्यायचे. पण स्मशानासाठी आणि बाळंतिणीच्या घरासाठी पाळी नाही, लगेच द्यायचे, असा नियम होता. नियम चांगला होता. मी असतो तर असाच केला असता. अर्धी रजा टाकून गेलो. रांग मोठी होती. माझ्या मागे गिरणी कामगाराची बायको होती, ओला पदर पिळत उभी. मी तिलाही माझे मत ऐकवले, वखारवाल्यांनी माल दडवला वगैरे. ती म्हणाली, भाव बांधला नसता तर मी या रांगेत उभीच नसते, काका. आधीच्या भावात माझी उभे राहायची सुद्धा ऐपत नव्हती. मला बरे वाटले. निदान एका माणसाला माझे पेढे लागू पडले होते.

पाळी आली. लाकडी जाळीपल्याडच्या तरुण कारकुनाने मान वर न करता विचारले, "शेने माटे?" कशासाठी?

आता गुजरातीत बाळंतपणाला एक साधा, घरोघरचा शब्द आहे. तो माझ्या कचेरीत एका खात्याच्या नावातच आहे. त्या खात्याची बिले दर महिन्याला मी तपासत होतो. तो शब्द माझ्या हातातून शेकडो वेळा गेला होता. आणि त्या क्षणी तो आला नाही. मागे रांग, पुढे कारकून, डोळ्यांसमोर ते गार पाय. मी माझा मराठी शब्दच गुजराती करून टाकला. आमच्या घरात असे रोज चालते. अर्धे शब्द आम्ही असेच बनवलेले आहेत.

"बाळंतण माटे," मी म्हणालो.

त्याने आता मान वर केली. "लाकडुं बळतण माटे ज होय ने, काका! अथाणुं नाखवा कोण लई जाय छे?"

लाकूड जळणासाठीच असते, काका. लोणचे घालायला कोण नेतो? रांग हसली. गिरणीवाल्याची बायकोसुद्धा हसली. मी म्हणालो, "बळतण नहीं, बाळंतण," आणि जास्त स्पष्ट व्हावे म्हणून तोच शब्द जास्त मोठ्याने म्हणालो. त्याला ऐकू कमी येत नव्हते, त्यामुळे काही फरक पडला नाही. त्याने "बळतण" असे टिपले, मला नेहमीच्या पाळीची चिठ्ठी दिली आणि "चालो, पछी कोण?" म्हणाला. पुढचा कोण. चूक त्याची नव्हती. माझ्या तोंडून जे निघाले ते त्याने लिहिले. मी तपासनीस असतो तर त्याचे काम मंजूर केले असते.

खरे म्हणजे मागे फिरून मराठीत सांगता आले असते. रांगेत कोणीही समजावले असते. पण ज्याचे गुजराती नमुन्यादाखल दाखवतात त्याने दुभाषा कसा मागायचा? मी चिठ्ठी खिशात घालून घरी आलो. मुलीने विचारले तेव्हा सांगितले. ती बराच वेळ हसली, आणि हसताना पोटात कळ आली म्हणून हसणे थांबवले. "मी तुम्हाला आधीच म्हटले होते," ती म्हणाली, "बाळंतिणीचा भाव विचारून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणीची गोवऱ्यावाली आली. भाव बांधताना गोवऱ्या कोणाच्या ध्यानात आल्या नव्हत्या. म्हणूनच त्या शहरात येत होत्या, आणि म्हणूनच चौदा आणे. हे दोन्ही एकाच कारणाने आहे हे मला समजत होते. समजूनही मी आठ म्हणालो. तिचे ते 'सरकारने कहो' ऐकूनही आठच म्हणालो. तिने हारा डोक्यावर चढवला आणि चालू लागली.

पत्नी बाहेर आली तेव्हा पत्र्याची रिकामी शेगडी तिच्या हातात होती. "गेली?"

"चौदा म्हणत होती."

"आणि तुम्ही?"

"आठ."

"अहो, तुमच्या आठ आण्यांनी पाणी तापतं का?" ती म्हणाली. "भाव तुमच्यापाशी ठेवा. मला गोवऱ्या आणून द्या."

मी धावलो. माझ्या वयाचा, माझ्या पोटाचा, डोक्यावर पगडी नसलेला हिशेबनीस नागरवाड्यातून पावसात धावताना लोकांनी पाहिला. एकाने विचारले, काय झाले, आग लागली का? लागली असती तर एवढा धावलो नसतो, असे मनात आले. गोवऱ्यावाली चालायला भारी चपळ. मांडवीच्या अलीकडे एका मिठाईवाल्याच्या दाराशी ती हारा उतरवत होती आणि मिठाईवाला खिशात हात घालत होता. तिने मला येताना पाहिले आणि दम खात उभे राहू दिले.

"हवे दस कहेशो?" ती म्हणाली. आता दहा म्हणाल?

"चौदा देतो," मी म्हणालो. "घरी चला. घरी..." आणि धापा टाकताना, डोक्यात काहीही नसताना, तो शब्द आपोआप बाहेर पडला. "घरमां सुवावड छे."

सुवावड. एवढाच शब्द होता. कालच्या जाळीपाशी त्याची किंमत मणभर कोरडे लाकूड होती.

गोवऱ्यावालीचा चेहराच बदलला. "ते पहेलां केम ना बोल्या?" मग आधी का नाही सांगितलेत? तिने मिठाईवाल्याच्या पुढ्यातून हारा उचलला. मिठाईवाला काही म्हणू लागला तर तिने त्याला, तुझी कढई थांबेल, बाळंतीण थांबत नाही, असे काहीसे सुनावले. मला म्हणाली, "मुलगा की मुलगी?" मी मुलगा म्हटले. "मग चला."

वाटेत ती पुढे, मी मागे. गंमत अशी की एवढा वेळ ती मला लुटते आहे असे मी समजत होतो, आणि तिच्या लेखी मी एक घासाघीस करणारा दखणी साहेब होतो, ज्याच्या घरी बहुधा पुरणपोळ्या चालल्या असाव्यात. ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हतो, आणि मधल्या सहा आण्यांवर दोघे भांडत होतो. सरकारने निदान 'कशासाठी' हे विचारायला एक माणूस बसवला होता. उत्तर देता आले नाही ते मला.

झोपाळ्यावरचे माझे मत आजही बदललेले नाही, हे घरात कोणी विचारत नाही म्हणून इथे लिहितो. भाव बांधावा. त्या गिरणीवाल्याच्या बायकोसाठी बांधावा. पण आधी वखारीत लाकूड आणून टाकावे आणि मग पाटी लिहावी. नुसती पाटी जळत नाही. आणि भाव बांधताना फोडणावळही बांधावी. हे शेवटचे मी अनुभवाने सांगतो.

घरी आल्यावर गोवऱ्यावाली ओंडक्यावर टेकली, गोवऱ्या मोजून दिल्या आणि हात झाडून म्हणाली, सुवावडीच्या घरून पुरा भाव घेत नाहीत, बारा द्या. मी खूश होऊन दोन आणे वाचल्याचे पत्नीकडे पाहून जाहीर करणार, तोच ती पुढे म्हणाली, पण खण आणि नारळ घेतल्याशिवाय उठतही नाहीत. पत्नीला हे आधीच ठाऊक असावे. ती ताट घेऊनच उभी होती. थोड्या वेळाने न्हाणीघरातून धूर आला, मग पाण्याचा आवाज, मग बाळाचे रडणे, कढत पाण्याने रडतात तसले, जोरदार.

दिले ते असे: रोख बारा आणे, खण, किंमत सहा आणे, नारळ, दीड आणा. एकूण एक रुपया साडेतीन आणे, हरणीच्या गोवऱ्यावालीला, तिने ओंडक्यावरून उठण्यापूर्वी.